४.३ बुगाकू नृत्यातील मुखवटे

मुखवटा चेहरा झाकण्यासाठी असतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. जपानच्या दरबारी नृत्यातील मुखवट्यांचा अभ्यास करताना ती अपुरी पडते. ‘गागाकू’ या दरबारी संगीताच्या साथीने होणाऱ्या नृत्यास ‘बुगाकू’ म्हणतात. चीनमार्गे आलेली नृत्ये ‘डावी’ आणि कोरियामार्गे आलेली ‘उजवी’ मानली जातात. डाव्यांच्या वेशात लाल रंग प्रधान, तर उजव्यांच्या वेशात हिरवा. मुखवटा मात्र प्रत्येक नृत्यात नसतो.

‘र्‍योओ’ हे डावे नृत्य विशेष प्रसिद्ध आहे. त्याची आख्यायिका चीनमधील सहाव्या शतकातील लानलिंगच्या राजपुत्राची आहे. हा सेनानी इतका देखणा होता की शत्रूला त्याचा धाक वाटेना. म्हणून तो उग्र मुखवटा चढवून युद्धात उतरे. नर्तकाच्या मुखवट्यावर माथ्याशी दबा धरून बसलेला ड्रॅगन असतो. त्याचे डोळे हलते असतात आणि हनुवटी तर स्वतंत्र घडवून दोरीने खाली टांगलेली असते. नर्तकाने मान झटकली की हनुवटी झुलते, डोळे फिरतात. लाकडात एकच भाव कोरलेला असतो, पण देहाच्या हालचालीने तो जागा होतो. पुढील काळातील नो नाट्याचा मुखवटा आकाराने लहान व बहुधा अखंड असतो. तेथे मान किंचित कलल्याने पडणारी छायाच भाव पालटते. बुगाकूचा मार्ग अधिक ठसठशीत आहे. उघड्यावरील मंचासाठी तोच योग्य म्हणावा लागेल.

‘आमा’ या नृत्यात लाकूडही नाही. पांढऱ्या रेशमाने मढवलेल्या जाड कागदावर काळ्या भौमितिक आकृत्यांनी चेहरा केवळ सुचवलेला असतो. त्यामागून येणाऱ्या ‘नि नो माई’त हसऱ्या म्हाताऱ्याचा व सुजलेल्या चेहऱ्याच्या म्हातारीचा मुखवटा घातलेले दोघे त्याच नृत्याची नक्कल करू पाहतात आणि फसतात. दरबारी गांभीर्याला स्वतःची थट्टा वर्ज्य नव्हती!

या परंपरेशी भारताचाही संबंध जोडला जातो. भारतीय भिक्षू बोधिसेन इ. स. ७३६ मध्ये जपानला पोहोचला आणि ७५२ मध्ये नारा येथील तोदाइ-जी मंदिरातील महाबुद्धाचा नेत्रोन्मीलन विधी त्याने केला. त्याच्यासोबत आलेल्या चंपा देशाच्या (आजचा मध्य व्हिएतनाम) भिक्षूने काही नृत्ये आणली, असे परंपरा सांगते. लाल चेहऱ्याच्या, विस्कटलेल्या केसांच्या ‘बातो’ मुखवट्यामागे ऋग्वेदातील पेदू राजा व त्याचा सर्पनाशक अश्व असल्याचे मत जपानी संस्कृतज्ञ ताकाकुसू यांनी मांडले. परंतु श्वापदाने मारलेल्या पित्याचा सूड घेणाऱ्या पुत्राची कथाही याच नृत्याशी जोडलेली आहे. अशा वेळी नामसाम्यावरून मुखवट्याला ‘भारतीय’ ठरवणे घाईचे होईल. कथा एका देशाची, संगीत दुसऱ्या देशाचे आणि लाकडावरील छिन्नी जपानी कारागिराची, हीही शक्यता विचारात घ्यावी.

सरावासाठी : ‘र्‍योओ’ आणि ‘आमा’ यांतील मुखवटे चेहऱ्याविषयी कोणत्या दोन भिन्न कल्पना मांडतात, ते सोदाहरण लिहा.