भुंकणं थांबलं, चावणं सुरू झालं

सिडकोतल्या आमच्या गल्लीत घराला घर लागून आहे. आमचा गावरान मोती गेटपाशी भुंकायला लागला की अख्खी ओळ जागी व्हायची. त्यात छत्रपती संभाजीनगरात जायकवाडीचं पाणी काही दिवसांच्या खंडानं येतं, कधी रात्री-अपरात्रीही. पाणी आलं की मोटारी सुरू होतात, ड्रम सरकतात, एरवी टँकर. मोती प्रत्येक आवाजावर तुटून पडायचा. शेजारच्या काकूंची तक्रार रास्त होती, त्यांच्या घरात आजारी माणूस होतं.

एका प्रशिक्षकानं त्याच्या गळ्यात विजेचा पट्टा बांधला. भुंकला की झटका. मोती गप्प झाला, सगळ्यांना हायसं वाटलं. पण टँकर आला की तो शेपूट पोटाशी घेऊन जिन्याखाली थरथरत बसायचा. एके दिवशी टँकरवरचा मुलगा हौदात पाइप सोडायला तिथंच वाकला आणि मोतीनं जराही न गुरगुरता त्याच्या हाताचा चावा घेतला. साबण लावून वाहत्या नळाखाली १५ मिनिटं जखम धुतली, त्याला लगेच घाटी रुग्णालयात नेऊन रेबीजची लस सुरू केली. भुंकणं, गुरगुरणं हा कुत्र्याचा इशारा असतो. पट्ट्यानं इशारा बंद केला, भीती तशीच राहिली.

म्हणून कळकळीनं सांगते, आधी भुंकण्याचं कारण शोधा.

पहारा : रस्त्यावरचा माणूस पुढं जातोच, कुत्र्याला वाटतं, आपण भुंकलो म्हणून गेला. सवय अशी पक्की होते. गेटला हिरवी जाळी लावून समोरचं दिसणं बंद करा.

आवाजाची भीती : टँकरचा हॉर्न मोबाइलवर रेकॉर्ड करून अगदी हळू लावा. शांत राहिला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. आवाज हळूहळू वाढवा. तो ओठ चाटू लागला, अंग चोरू लागला, तर आवाज पुन्हा कमी करा.

मागणी : पोळीसाठी भुंकत असेल तर लक्ष देऊ नका, गप्प झाल्यावर द्या. सुरुवातीला भुंकणं वाढेल. त्या वेळी कंटाळून पोळी टाकली, तर जास्त भुंकलं की मिळतं हे तो शिकेल. हा नियम आजी-आजोबांसकट सगळ्यांनी पाळायला हवा.

कंटाळा : सकाळ-संध्याकाळ फिरवा, मनसोक्त हुंगू द्या. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला न फिरवणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

दुखणं : भुंकणं अचानक वाढलं, विशेषतः म्हातारपणी, तर आधी पशुवैद्यांना दाखवा. सांधेदुखी किंवा कमी ऐकू येणं हेही कारण असतं.

आपण ओरडलो तर त्याला वाटतं, मालकही साथ देतोय. त्याऐवजी ठरलेला एकच शब्द हळू आवाजात वापरा. आणि प्रशिक्षक नेमताना पहिल्यांदा विचारा, ‘कुत्रं चुकलं तर तुम्ही काय करता?’ उत्तरात झटका, मार किंवा उपास आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.