आधी वाक्य, मग स्लाइड

बाळा, परवा तुझ्या आईचा उदगीरहून फोन आला तेव्हा कळलं, की कंपनीत तुला पहिल्यांदाच सगळ्या वरिष्ठांसमोर प्रेझेंटेशन द्यायचं आहे आणि तू रात्री जागून स्लाइडी करत बसला आहेस. माझी सगळी नोकरी माणसांना शिकवण्यात गेली. आधी फळा होता, मग पारदर्शक कागदांचा ओएचपी आला, मग कॉम्प्युटरचा प्रोजेक्टर. त्यातून जे हाती लागलं ते तुला सांगते.

सगळ्यात आधी लॅपटॉप मिटून ठेव. कोरा कागद घे आणि त्यावर एकच वाक्य लिही: हे लोक खोलीबाहेर पडताना त्यांनी काय ठरवलेलं असायला हवं? 'पॅकिंग लाइनची माहिती देणे' हे वाक्य नव्हे, तो विषय झाला. 'लेबलिंग मशीनचा सेन्सर बदलायला मंजुरी द्या, लाइन बंद राहण्याचे निम्मे तास वाचतील' हे वाक्य. कीर्तनकार आरंभी एक अभंग घेतो आणि पूर्वरंग असो की उत्तररंग, त्याचं सगळं बोलणं त्याच अभंगाला येऊन मिळतं. तुझं वाक्य तसं असू दे. ते सापडेपर्यंत एकही स्लाइड करू नकोस. सापडलं, की बाकीचं काम झपाट्याने होतं.

तू ज्या हैदराबादेत नोकरीला आलास, त्या शहराच्या इतिहासातही एक प्रेझेंटेशन आहे. १९९७ साली मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स दिल्लीत आले होते. आंध्र प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांना भेटीसाठी जेमतेम दहा मिनिटं मिळाली होती. त्यांनी लॅपटॉप उघडून आपल्या राज्याचं प्रेझेंटेशन स्वतः दाखवलं आणि भेट चाळीस मिनिटांवर गेली. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टचं डेव्हलपमेंट सेंटर हैदराबादेत सुरू झालं. ते केवळ स्लाइडींमुळे आलं असं मी म्हणणार नाही. इथे इंजिनिअर होते, सरकारची तयारी होती. पण मागायचं काय, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं: तुमचं केंद्र हैदराबादला काढा. दहा मिनिटं पुरतात ती अशी.

आता दुसरी बाजू सांगते, कारण ती मला जास्त महत्त्वाची वाटते. अंतराळवीर कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होती, ते १६ जानेवारी २००३ ला उडालं. उडताना बाहेरच्या इंधन टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असतानाच बोइंगच्या इंजिनिअरांनी नासाच्या अधिकाऱ्यांसाठी स्लाइडी केल्या. त्यातली एक स्लाइड पुढे फार गाजली. तिचं शीर्षक दिलासा देणारं होतं: चाचण्यांची आकडेवारी पाहता आपला अंदाज सुरक्षित बाजूचा आहे, अशा अर्थाचं. खाली मुद्दे, मुद्द्यांना पोटमुद्दे, त्यांनाही पोटमुद्दे. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात खरी गोष्ट: चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा होता, प्रत्यक्ष आदळलेला अंदाजे १९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट मोठा! चाचणी लागूच पडत नव्हती. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं, सातही जण गेले. ही स्लाइड नसती तर ते वाचले असते, असं कुणी म्हणू शकत नाही. पण माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी तिची चिरफाड केली आणि अपघाताच्या चौकशी मंडळाने आपल्या अहवालात ती घेतली. जी ओळ सगळ्यात वर, सगळ्यात मोठी हवी होती ती सगळ्यात खाली गेली, एवढं तू त्यातून घे. औषधांच्या कंपनीत काम करतोस. तुझ्याही आकड्यांमागे कुणाचा तरी जीव असतो.

म्हणून स्लाइडचं शीर्षक पूर्ण वाक्यात लिही. तुझ्या आईने तुझी पहिली स्लाइड मला पाठवली होती. वर 'पॅकिंग लाइनचा सहामाही आढावा', खाली सहा महिने, पाच कारणं, तीस आकड्यांचा तक्ता, उजव्या कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह आणि पाठीमागे निळ्या लाटा. तिचं काय करायचं ते बघ. शीर्षक लिही: 'लाइन बंद राहण्याचा निम्मा वेळ एकट्या लेबलिंग मशीनमुळे गेला.' तक्ता काढ. पाच कारणांच्या पाच आडव्या पट्ट्या कर, मोठी वर, लहान खाली. चार पट्ट्या करड्या ठेव, लेबलिंगची तेवढी गडद केशरी. तास पट्टीच्या टोकालाच लिही, म्हणजे बाजूची सूची, आडव्या-उभ्या रेघा, काही लागत नाही. लाटा पुसून टाक. मागच्या रांगेतल्या माणसालाही आता एका नजरेत कळेल. मूळ तक्ता फेकू नकोस. शेवटच्या स्लाइडनंतर लपवून ठेव, कुणी विचारलाच तर तो काढून दाखव.

काळाप्रमाणे काही चढत-उतरत असेल तर रेषेचा आलेख काढ, तुलना असेल तर पट्ट्या. थ्रीडी पाय चार्टच्या वाटेला जाऊ नकोस, त्यात पुढचा तुकडा उगाच मोठा दिसतो. लाल-हिरव्यावर सगळा अर्थ टाकू नकोस, काहींना तो फरक दिसत नाही.

अक्षरं मोठी ठेव. गाय कावासाकी नावाच्या गृहस्थांचा २००५ सालचा एक नियम प्रसिद्ध आहे: दहा स्लाइडी, वीस मिनिटं, तीस पॉइंटांपेक्षा लहान अक्षर नाही. दहाचा आकडा मी काटेकोर धरत नाही, तीसचा मात्र धरते. अक्षर मोठं केलं, की मजकूर आपोआप कमी होतो. उद्या इसामिया बाजारात आपल्या मराठी साहित्य परिषदेत मराठीतून बोलायची वेळ आली, तर देवनागरी आणखी थोडी मोठी ठेव, कारण काना-मात्रा, रफार, जोडाक्षरं लांबून पटकन मिसळतात. आणि युनिकोडमध्येच टाइप कर. जुने फॉन्ट दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नसतील तर पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं उमटतात.

पॉवरपॉइंट १९८७ मध्ये बाजारात आलं तेव्हा ते मॅकिंटॉशवर चालायचं आणि त्यातून ओएचपीच्या पारदर्शक कागदांवर छापायची काळी-पांढरी पानं निघत. आम्ही तसले कागद वापरले आहेत. वरून साधा कागद ठेवून एकेक ओळ उघडायची, म्हणजे वर्ग पुढे पळत नसे. तुझं ॲनिमेशन तेवढ्याच कामाचं आहे. ओळ यावी, गरगर फिरत येऊ नये.

आता बोलण्याचं. स्लाइड वाचून दाखवू नकोस. माणसं डोळ्यांनी तुझ्या जिभेपेक्षा भरभर वाचतात, मग तुझं वाचन संपेपर्यंत ताटकळत बसतात. पडद्याकडे पाठ फिरवूनही बोलू नकोस. नवी स्लाइड आली, की दोन श्वास थांब, त्यांना बघू दे, मग तोंड उघड. सभेच्या खोलीत तेलुगू, तमिळ, हिंदी, बंगाली, सगळेच असणार. साधी, छोटी इंग्रजी वाक्यं बोल. प्रश्नोत्तरांत कुणी हिंदीत आलं तर तूही हिंदीत जा, त्यात कमीपणा नाही. आणि हैदराबादी माणूस मान हलवून 'हौ' म्हणाला म्हणजे त्याला पटलं असं धरू नकोस, कित्येकदा तो नुसता मान राखत असतो. आकडा पुन्हा सांग, प्रश्न विचार.

प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर 'उद्या दुपारपर्यंत कळवतो' म्हण, आणि खरंच कळव. यातून जेवढी पत वाढते तेवढी रंगीत स्लाइडींनी वाढत नाही.

काही बारीकसारीक गोष्टी, ज्या अमीरपेटच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बहुधा घाईत राहून जातात. स्लाइड शो चालू असताना 'बी' दाबलं, की पडदा काळा होतो. सगळ्यांनी तुझ्याकडे बघावं असं वाटेल तेव्हा दाब, पुन्हा दाबलं की स्लाइड परत येते. स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर मारलं, की थेट तिथे जाता येतं, त्यामुळे लपवलेल्या तक्त्याचा नंबर हातावर लिहून ठेव. मध्येच बंद पडलं तर शिफ्ट आणि एफ-५ दाब, म्हणजे आहे त्या स्लाइडपासून सुरू होतं. एक प्रत पीडीएफ करून पेनड्राइव्हवर ठेव, वायफायच्या भरवशावर राहू नकोस. लॅपटॉपला एचडीएमआयची जागा नसेल तर ॲडाप्टर स्वतःचा ने. सभेच्या अर्धा तास आधी जाऊन ती खोली, तो पडदा, तो उजेड बघून घे. दिवे लावलेल्या खोलीत फिकट रंग पार उडून जातात.

आणि वेळ. वीस मिनिटं दिली असतील तर पंधरात संपवायची तयारी कर. साहेब उशिरा येणार, मधेच कुणीतरी प्रश्न विचारणार. शेवटी वेळ उरेल अशा आशेवर मागणी मागे ठेवू नकोस. ती दुसऱ्याच स्लाइडवर सांग, मग कारणं दे, शेवटी पुन्हा एकदा माग.

मनातल्या मनात केलेली तालीम धरायची नाही. उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून बोलावं लागतं. अडखळतो कुठे ते तेव्हाच कळतं. तुझ्या खोलीवरची मुलं ऐकणार नसतील तर रविवारी लॅपटॉप घेऊन इकडे ये. नारायणगुडा मेट्रो स्टेशनवर उतरलास, की बर्कतपुऱ्याला घर चालत येण्यासारखं आहे. मी आणि तुझे मामा दोघं समोर बसतो. मामांना औषधांतलं काही कळत नाही, त्यांना समजेल असं बोललास तर तुझे साहेबही समजून घेतील. जेवायलाच ये.