जपानची जुनी गावं खरी की सजवलेली?

प्रश्न : मुलगा नागोयाला नोकरीला आहे. दिवाळीनंतर आम्ही दोघं त्याच्याकडे महिनाभर राहायला जाणार आहोत. टोकियोचे मनोरे पाहायची हौस नाही. फोटोत दिसतात ती लाकडी घरांची जुनी गावं आणि डोंगर पाहायचे आहेत. पण ती गावं खरी असतात की पाहुण्यांसाठी उभी केलेली? आमच्या पाथर्डी तालुक्यात माळवदाचे वाडे एकेक करून पडत चाललेत, मग तिकडची लाकडाची घरं टिकली कशी? शिवाय आम्ही माळकरी आहोत, खाण्यापिण्याचंही सांगा. (एक निवृत्त शिक्षिका, पाथर्डी)

उत्तर : ताई, मुलगा नागोयाला आहे हे फार बरं झालं. तुम्हाला हवी आहेत तशी गावं तिथून सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल इतकी जवळ आहेत. किसो नदीच्या खोऱ्यातली त्सुमागो आणि मागोमे ही ती दोन गावं. आणि हो, गावं खरी आहेत. मात्र ती आपोआप टिकलेली नाहीत.

सतराव्या शतकात तोकुगावा राजवटीनं एदो, म्हणजे आजचं टोकियो, आणि क्योतो यांच्यामध्ये डोंगरातून एक राजरस्ता बांधून काढला. त्याचं नाव नाकासेंदो. लांबी सुमारे ५३० किलोमीटर आणि वाटेत मुक्कामाची ६९ ठाणी. प्रत्येक ठाण्यात सरदारांच्या उतरण्याचा मोठा वाडा, साध्या प्रवाशांसाठी खाणावळीसह धर्मशाळेसारखी घरं, बदलीची घोडी आणि ओझी वाहणारे हमाल. त्सुमागो हे यातलं बेचाळिसावं ठाणं, मागोमे त्रेचाळिसावं. १९११ साली या खोऱ्यातून रेल्वे सुरू झाली आणि त्सुमागो बाजूला पडलं. प्रवासी थांबेनात, धंदा बुडाला, तरुण शहरांकडे गेले. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की घरांना कुलपं कशी लागतात, हे पाथर्डीकरांना ठाऊक आहे. त्सुमागोची कुलपं तर कायमचीच लागत होती. जुनी घरं पाडून नवी बांधायला कुणाजवळ पैसा नव्हता, म्हणून ती उभी राहिली. पण गरिबीनं घर फार काळ वाचत नाही. कौलं सरकतात, खांब कुजतात, आणि दहा-वीस पावसाळ्यांत घर बसतं.

पुढे जे घडलं ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. १९६८ साली गावकऱ्यांनी सगळ्या घरांना सभासद करून गाव जपण्यासाठी एक मंडळ काढलं आणि प्रांताच्या मदतीनं दुरुस्तीला हात घातला. कुजलेले खांब बदलले, दर्शनी भागातली नवी भर काढून जुन्या पद्धतीच्या लाकडी जाळ्या बसवल्या. १९७१ मध्ये त्यांनी आपसांत करार केला : घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. साधी खिडकी बदलायची असली तरी समितीला विचारायचं. विजेच्या तारा घरांच्या मागून नेल्या. आजही दिवसा मुख्य रस्त्यावर मोटारी येऊ देत नाहीत. सरकारचा कायदा त्यानंतर आला. १९७५ मध्ये सांस्कृतिक वारशाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन एकेकट्या इमारतीऐवजी घरांची अख्खी वस्ती जपण्याची सोय झाली. १९७६ च्या पहिल्या यादीत त्सुमागो होतं. दुरुस्तीला सरकारी पैसा मिळू लागला, पण आधी गावानं शब्द दिला होता.

आपल्याकडे पुरातत्त्व खातं देऊळ, किल्ला, लेणं सांभाळतं. माणसं राहतात ती गल्ली सहसा कुणाच्याच यादीत नसते. वाड्याच्या वाटण्या होतात, चार भावांतले तीन पुण्याला असतात आणि माळवदावर पावसाळ्याआधी पांढरी माती कुणी टाकायची, हा प्रश्न तसाच राहतो. त्या मातीला हात मिळाले नाहीत की माळवद गळतं आणि भिंत खचते. हेच संकट जपानात शिराकावागो या गावावर आलं होतं. तिथली घरं नमस्काराला जोडलेल्या हातांसारख्या उतरत्या छपरांची, वर गवताचा जाड थर. पोटमाळ्यावर पूर्वी रेशमाचे किडे पाळत. हे छप्पर तीस-चाळीस वर्षांनी नव्यानं शाकारावं लागतं आणि ते एका कुटुंबाच्या आवाक्यातलं काम नाही. म्हणून सारा गाव येतो. आपली इर्जिक असते, तशीच ही रीत. शिराकावागोनंही १९७१ मध्ये त्सुमागोसारखाच करार केला आणि १९९५ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. तिथं आता गर्दी फार होते. वेळ थोडा असेल तर मी ते वगळीन आणि किसोलाच दोन दिवस देईन.

मागोमेबद्दल मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. १८९५ आणि १९१५ च्या आगींत ते गाव जळालं होतं. उताराचा फरसबंद रस्ता सुरेख आहे, थोर कादंबरीकार शिमाझाकी तोसोन यांचं ते जन्मगाव आहे, पण तिथली बरीचशी घरं त्यानंतरची आहेत. जुनं पाहायचं ते त्सुमागोत. तिथला ‘ओकुया’ वाडा आतून बघाच. एदो काळात या खोऱ्यातले हिनोकीसारखे पाच जातींचे वृक्ष तोडायला सामान्य माणसाला बंदी होती, आणि एका झाडाला एक डोकं अशी शिक्षेची ख्याती होती. बंदी उठल्यावर, १८७७ साली, हा वाडा नव्यानं बांधला तो याच हिनोकीनं. चुलीच्या धुरानं काळवंडलेलं ते लाकूड आजही तसंच आहे.

या दोन गावांमधली जुनी वाट सुमारे आठ किलोमीटरची आहे. मोहट्याच्या गडावर नवरात्रात पायी जाणाऱ्यांना ती जड जाणार नाही, अडीच-तीन तास धरा. नागोयाहून रेल्वेनं नाकात्सुगावा, तिथून बसनं मागोमे, आणि मग त्सुमागोकडे चाला. या बाजूनं चढ कमी आणि उतार जास्त पडतो. वाटेत देवदाराची राई, दोन धबधबे आणि प्रवाशांना फुकट चहा देणारं एक जुनं घर लागतं. अस्वलांना चाहूल लागावी म्हणून जागोजागी घंटा टांगल्या आहेत, त्या वाजवत जायचं. शक्य झालं तर २३ नोव्हेंबरला जा. त्या दिवशी त्सुमागोत दरवर्षी जुन्या वेशातली मिरवणूक निघते. सकाळ-संध्याकाळ कडाक्याची थंडी असेल, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी हवीच.

आता खाण्याचं. जपानात भाजीच्या पदार्थातही बहुधा माशाचा रस असतो. शेवयांचं पाणीसुद्धा त्याचंच. त्यामुळे नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. मासा नको, अंडं नको आणि माशाचा अर्क घातलेला रस्साही नको, असं मुलाकडून जपानीत लिहून घ्या आणि खाणावळीला आधी कळवा. नाकात्सुगावाची चेस्टनट आणि साखर एवढ्यावरच होणारी ‘कुरी किंतोन’ ही मिठाई खुशाल खा, शरद ऋतूत ती ताजी मिळते.

पण माळकऱ्यांनी मुक्काम करावा असं ठिकाण वेगळंच आहे. वाकायामा प्रांतातलं कोयासान. कुकाई या आचार्यांनी ८१६ साली डोंगरावर स्थापन केलेलं हे मठांचं गाव. पन्नासेक मठांत यात्रेकरूंना राहता येतं आणि तिथल्या पारंपरिक जेवणात मांस-मासा नसतो, कांदा-लसूणही नसतो. तिळाचं टोफू आणि गोठवून वाळवलेलं टोफू ही तिथली खासियत. ओकुनोइनच्या स्मशानवाटेवर प्रचंड देवदारांखाली दोन लाखांहून अधिक समाध्या आहेत. पाच दगड एकावर एक रचलेल्या समाध्यांवर नीट पाहा. आकाश, वायू, अग्नी, जल आणि पृथ्वी यांची बीजाक्षरं सिद्धम् लिपीत कोरलेली दिसतील. ही लिपी भारतातून चीनमार्गे तिथं गेली. नाथपंथाच्या मढीला जाणाऱ्या घरातल्या माणसाला ती पंचतत्त्वं परकी वाटणार नाहीत. महाराष्ट्र आणि वाकायामा यांच्यात २०१३ मध्ये सहकार्याचा करार झाला आणि २०१५ पासून कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा आहे. तोही पाहून या.

नागोयाहून ओसाका, तिथल्या नांबा स्थानकावरून नानकाई रेल्वे आणि शेवटी डोंगर चढणारी केबलची गाडी, असा कोयासानचा रस्ता. पानं लाल होण्याच्या दिवसांत मठ लवकर भरतात, म्हणून मुलाला नोंदणी आतापासूनच करायला सांगा. संध्याकाळी पाचच्या आत पोचा, जेवण लवकर वाढतात. पहाटेच्या प्रार्थनेला बसायची पाहुण्यांना मुभा असते. गुडघे दुखत असतील तर आधी सांगितल्यावर बरेच मठ छोटी खुर्ची देतात.