मत कोणाचं, युद्ध कोणाचं? स्वातंत्र्यवादी विचार आणि अमेरिकेतली सक्तीची सैन्यभरती



युद्धाच्या बातम्या आता मुलांपासून लपत नाहीत. मोबाईलवर, टीव्हीवर ती सगळं बघतात आणि शाळेत येऊन विचारतात, "युद्ध करायचं हे कोण ठरवतं? आणि ज्याला लढायचं नाही त्याने काय करायचं?" नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मतदान आहे, संसद आहे, मूलभूत हक्क आहेत. पण या तिन्हींचा युद्धाशी काय संबंध, हे मुलांना सहसा कोणी सांगत नाही. आज हा संबंध एका विचारसरणीच्या आणि एका खऱ्या घटनेच्या आधाराने समजून घेऊ.

स्वातंत्र्यवादी म्हणजे कोण?

इंग्रजीत ज्यांना लिबर्टेरियन म्हणतात त्यांना आपण स्वातंत्र्यवादी म्हणू. त्यांचं मूळ म्हणणं सोपं आहे. माणसाचं शरीर, त्याचे श्रम आणि त्याची कमाई यांवर पहिला हक्क त्याचा स्वतःचा. सरकारने चोरी, फसवणूक आणि परकीय हल्ला यांपासून रक्षण करावं, त्यापलीकडे फार ढवळाढवळ करू नये. हेच सूत्र ते परराष्ट्र धोरणाला लावतात: सगळ्या देशांशी व्यापार आणि मैत्री ठेवा, पण दुसऱ्यांच्या भांडणात सैन्य घेऊन पडू नका. त्यामुळे हे लोक करांबद्दल बोलू लागले की उजवे वाटतात आणि युद्धाबद्दल बोलू लागले की डावे. एका खान्यात ते बसत नाहीत.

निळ्या कुप्यांची सोडत

१ डिसेंबर १९६९ रोजी वॉशिंग्टनमध्ये एक सोडत काढण्यात आली. काचेच्या मोठ्या बरणीत निळ्या प्लॅस्टिकच्या ३६६ कुप्या होत्या. प्रत्येक कुपीत वर्षातली एक तारीख. १९४४ ते १९५० या काळात जन्मलेल्या तरुणांना कोणत्या क्रमाने सैन्यात बोलवायचं, ते या तारखांवरून ठरणार होतं. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. व्हिएतनाममधलं युद्ध तेव्हा चालू होतं. या सोडतीतले पहिले १९५ क्रमांक पुढच्या वर्षी भरतीसाठी बोलावले गेले. नंतर अभ्यासकांच्या लक्षात आलं की कुप्या नीट ढवळल्याच नव्हत्या. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांचे क्रमांक जास्त प्रमाणात आधी लागले होते.

यात आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मतदानाचं वय २१ होतं. म्हणजे १९ वर्षांच्या मुलाला युद्धावर पाठवता येत होतं, पण त्याला पाठवणारं सरकार निवडण्याचा हक्क त्याला नव्हता. ही विसंगती १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने दूर झाली आणि मतदानाचं वय १८ झालं.

स्वातंत्र्यवाद्यांचे तीन आक्षेप

पहिला आक्षेप नीतीचा. इच्छा नसताना राबवून घेणं याला आपण वेठबिगार म्हणतो. मग ती सरकारने केली, आणि तीही जीव धोक्यात घालून, तर तिचं नाव बदलतं का? बहुमताने ठरलं म्हणून एखाद्याच्या शरीरावर इतरांची मालकी येते का?

दुसरा आक्षेप हिशोबाचा. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी तो जोरात मांडला. सक्तीने आणलेल्या जवानाला कमी पगार देऊन भागतं. तो स्वखुशीने यावा म्हणून जितका पगार द्यावा लागला असता, तो आणि प्रत्यक्ष दिलेला पगार यांतला फरक म्हणजे त्या पोरावर बसवलेला छुपा कर. त्यामुळे अंदाजपत्रकात युद्ध स्वस्त दिसतं आणि सरकारला ते करणं सोपं जातं.

तिसरा आक्षेप निवडणुकीचा. ऑगस्ट १९६४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने टोंकिन आखाताचा ठराव केला आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना व्हिएतनाममध्ये बळ वापरायची मोकळीक दिली. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. त्याच वर्षीच्या निवडणुकीत जॉन्सन शांततेचे उमेदवार म्हणून उभे होते आणि प्रचंड मतांनी निवडून आले. मार्च १९६५ मध्ये अमेरिकेच्या लढाऊ तुकड्या व्हिएतनामच्या किनाऱ्यावर उतरल्या. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे युद्ध जाहीर करण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे, पण या युद्धाची औपचारिक घोषणा कधी झालीच नाही. स्वातंत्र्यवादी म्हणतात, मतपेटीतून माणूस निवडला जातो, निर्णय निवडला जात नाही. म्हणून सत्ता कोणाच्या हाती आहे यापेक्षा त्या हातात किती सत्ता आहे, हे बघा.

पुढे काय झालं?

१९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी माजी संरक्षणमंत्री थॉमस गेट्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. फ्रीडमन त्याचे एक सदस्य होते. त्यात निवृत्त सेनानीही होते. फेब्रुवारी १९७० मध्ये आयोगाने एकमताने सांगितलं की पगार वाढवा आणि सैन्य ऐच्छिक करा. १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली. युद्धाला कंटाळलेली जनता आणि रस्त्यावरची आंदोलनं यांचा त्यात मोठा वाटा होता, हे विसरू नये. दरम्यान डिसेंबर १९७१ मध्ये लिबर्टेरियन पक्षही स्थापन झाला. राष्ट्राध्यक्षपद त्याला कधी मिळालं नाही. पण निवडणूक न जिंकता एखादा विचार कायद्यात उतरू शकतो, हे या भरतीच्या गोष्टीतून दिसतं.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी

एकच बाजू शिकवली तर तो धडा राहत नाही, प्रचार होतो. म्हणून हे प्रश्नही मांडा.

हिटलरविरुद्धच्या युद्धात अमेरिका आणि ब्रिटन दोघांनीही सक्तीची भरती केली होती. सगळं ऐच्छिक ठेवून ते युद्ध जिंकता आलं असतं का? शेजारचा देश गिळला जात असताना "आमचं भांडण नाही" म्हणणं योग्य आहे का? स्वातंत्र्यवाद्यांमध्येही यावर एकमत नाही. २००३ च्या इराक युद्धाच्या वेळी त्यांच्यातल्या काहींनी युद्धाची बाजू घेतली होती.

आणखी एक मुद्दा फार बोचरा आहे. कोरियाच्या युद्धात लढलेले खासदार चार्ल्स रँगेल यांनी २००३ मध्ये सक्तीची भरती परत आणायचं विधेयक मांडलं. त्यांचं म्हणणं असं की, नेत्यांची आणि श्रीमंतांची मुलंही सीमेवर जाणार असतील तर युद्धाचा निर्णय दहा वेळा विचार करून होईल. ऐच्छिक सैन्यात मात्र ओझं ठरावीक घरांवर पडतं आणि बाकीचा देश निवांत झोपतो. अफगाणिस्तानातलं युद्ध ऐच्छिक सैन्याच्या जोरावर २० वर्षं चाललं, हे लक्षात घेतलं की या म्हणण्याचं वजन कळतं.

आपल्या संविधानाशी जोडून घ्या

भारताचं सैन्य ऐच्छिक आहे. संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी केली आहे. पण त्याच कलमाचा दुसरा भाग सांगतो की सार्वजनिक कामासाठी राज्य सक्तीची सेवा लावू शकतं, फक्त धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही. म्हणजे आपल्या घटनाकारांनी दार बंद केलं, पण कडी घातली नाही. का बरं? हा प्रश्न मुलांना विचारून बघा. आपल्याकडे मतदानाचं वय २१ वरून १८ झालं ते ६१ व्या घटनादुरुस्तीने, १९८९ मध्ये. तेही याच धड्याला जोडता येईल.

वर्गात कसं घ्याल?

एक तास पुरतो. महिनाभर मैदान झाडायला पाच जण हवेत असं समजा. आधी चिठ्ठ्या टाकून पाच नावं काढा. मग विचारा, "हे न्याय्य झालं का?" नंतर दुसरा मार्ग सुचवा: जो स्वतःहून येईल त्याला खाऊ. आता पुढे कोण येतं आणि मागे कोण बसतं, हे मुलांनाच टिपू द्या. शेवटी वर्गाचं मत घ्या, आणि ज्यांचा पराभव झाला त्यांना विचारा, "बहुमत तुमच्यावर काय लादू शकतं आणि काय नाही?" गणिताच्या तासाला हीच सोडत संभाव्यतेसाठी वापरता येते.

एक काळजी मात्र घ्या. सातारा, कोल्हापूरसारख्या भागांत कितीतरी मुलांचे वडील, काका, आजोबा फौजेत असतात. चर्चा युद्धाच्या निर्णयाची आहे, जवानाच्या कर्तृत्वाची नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. उलट अशा मुलांना बोलतं करा. निर्णयाची किंमत कोण मोजतं, हे त्यांच्याइतकं वर्गात दुसऱ्या कोणाला माहीत नसतं.

पालकांनीही हाच विषय जेवताना काढायला हरकत नाही. मुलांना आपलं मत देऊ नका, दोन्ही बाजू द्या. सहा-सात वर्षांत ती मतदार होणार आहेत. बटण दाबण्याआधी हा प्रश्न त्यांनी एकदा तरी स्वतःला विचारलेला असावा.