चहा कुठे घेतलात?

अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात भरती निघाली की एचआरवाल्यांच्या शेजारी मलाही बसवतात. माल पाठवण्याचं आणि बिलांचं खातं माझ्याकडे, तेव्हा माणूस माझ्याच गळ्यात पडणार असतो. मागच्या भरतीत सकाळी एका मुलाला विचारलं, "टीममध्ये कुणाशी खटकलं होतं का? मग काय केलंत?" त्याने घडाघडा सांगितलं: सहकारी वेळेत काम देत नव्हता, त्याला बाजूला घेऊन चहा पाजला, अडचण समजून घेतली आणि प्रोजेक्ट मुदतीच्या दोन दिवस आधी पूर्ण झाला. दुपारी बोरिवलीची एक मुलगी आली. तोच सहकारी, तोच चहा, तेच दोन दिवस. मी सहज विचारलं, "चहा कुठे घेतलात?" ती म्हणाली, "कँटीनमध्ये." पाचच मिनिटांपूर्वी तिने सांगितलं होतं की त्या नोकरीत सगळं काम घरूनच होतं.

उठताना तिच्या बोलण्यात आलं, की लॉकडाऊनमध्ये ती आईबरोबर डबे पुरवायची. महिन्याचे पैसे थकवणाऱ्या गिऱ्हाइकांकडून वसुली तिच्याच वाट्याला होती आणि सोसायटीतलीच माणसं असल्याने संबंध तुटू न देता ती करावी लागे. अहो, आम्हाला हेच तर ऐकायचं होतं! पण तोवर आमचा विश्वास उडाला होता. निवड दुसऱ्याच कुणाची तरी झाली.

अशा प्रश्नांची तयारी म्हणजे उत्तरांचं पाठांतर, असा समज का झालाय कोण जाणे. मुळात हे प्रश्न निघाले ते गुळगुळीत उत्तरांना कंटाळूनच. 1941 मध्ये अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाने प्रशिक्षणातून काढून टाकलेल्या 1,000 वैमानिक उमेदवारांचे शेरे तपासले गेले. 'उपजत क्षमता नाही', 'निर्णयशक्ती कमी' अशा शेऱ्यांवरून नेमकं काय बिघडलं ते कळेना. जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तेव्हापासून मताऐवजी घडलेले प्रसंग विचारायची पद्धत बसवत नेली. त्यावरचा त्याचा लेख 1954 चा. आज क्लासमध्ये शिकवतात तो 'स्टार'चा साचा, म्हणजे परिस्थिती, जबाबदारी, कृती, निकाल, 1974 मध्ये डीडीआय या अमेरिकी कंपनीने आणला. साचा चांगला आहे. आपली मुलं मात्र परिस्थितीतच निम्मा वेळ घालवतात आणि कृतीपाशी आली की 'सगळ्यांनी मिळून केलं' म्हणून मोकळी होतात. घरचं वळण तसं असतं, मोठेपणा घ्यायला संकोच वाटतो. मुलाखतीत त्याचा अर्थ निघतो की याने काही केलंच नसावं. फोन कुणी लावला, यादी कुणी केली, शिव्या कुणी खाल्ल्या, हे सांगण्यात कसली आलीय बढाई?

मुलुंडची एक मुलगी यात पक्की निघाली. भिवंडीच्या गोदामात ती ई-वे बिलं बनवायची. चूक विचारल्यावर 'मी फारच परफेक्शनिस्ट आहे' हे आमच्या टेबलावर रोज ऐकू येणारं उत्तर तिने दिलं नाही. एका बिलात नगांचा आकडा चुकला आणि ट्रक निघून गेल्यावर लक्षात आलं, म्हणाली. तयार झालेल्या बिलातला आकडा बदलता येत नाही. मात्र वाटेत अधिकाऱ्याने तपासलं नसेल तर 24 तासांच्या आत ते रद्द करता येतं. तिने ड्रायव्हरला फोन करून गाडी ढाब्यावर थांबवायला लावली, जुनं बिल रद्द केलं, नवं बनवून त्याच्या मोबाइलवर धाडलं. मी विचारलं, "साहेबांना कधी सांगितलंत?" "ड्रायव्हरला फोन केला, त्याच्या पाठोपाठ लगेच. ओरडा बसला." त्यानंतर बिल निघण्याआधी गोदामाच्या पावतीशी आकडे दुसऱ्या कुणीतरी ताडायचे, असं तिने ठरवून घेतलं. इंग्रजी अडखळत होतं, पण कुठूनही खोदलं तरी गोष्ट हलत नव्हती.

म्हणून प्रश्नांच्या याद्या जमवू नका, स्वतःचे पाच-सहा प्रसंग जमवा. भांडण मिटवलं, चूक निस्तरली, कमी माणसांत काम ओढलं, नवं काही शिकावं लागलं, वरिष्ठांना नाही म्हणावं लागलं. एकच प्रसंग दोन-तीन प्रश्नांना चालतो. पहिल्यांदाच नोकरी शोधत असाल तर मंडळाच्या वर्गणीचा हिशेब, सोसायटीच्या पाण्याचं भांडण, वडिलांच्या दुकानातली उधारी, यातलं काहीही चालेल. कॉलेज फेस्टिव्हल मात्र जपून, कारण तिथे सगळेच स्वयंसेवक असतात. प्रसंग आधी घरी कुणाला तरी मराठीत सांगा आणि त्यांना मध्येमध्ये 'मग?' विचारू द्या. अडाल तिथे तारीख, रक्कम, माणसं आठवून ठेवा. इंग्रजीत नंतर सांगा, शब्दशः पाठ न करता. विचारलेला प्रसंग आलाच नसेल तर तसं सांगून त्याच्या जवळचा सांगावा.

जुन्या साहेबाची उणीदुणी काढू नका. उद्या आमच्याबद्दलही असंच बोलाल, हा विचार आमच्या मनात येतोच. जुन्या कंपनीतल्या गिऱ्हाइकांची नावं आणि दरही सांगू नका. कुणी चलाखीने काढून घ्यायला बघेल, तेव्हा 'ते सांगता येणार नाही' म्हणा. त्याने गुण कमी होत नाहीत.

शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' म्हटलं की बहुतेक जण सुट्ट्या आणि पगार विचारतात. ते एचआरकडून नंतर कळतंच. त्या मुलुंडच्या मुलीने विचारलं, "या जागेवर आधी होते त्यांना सगळ्यात जड काय गेलं?" एचआरवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मग मार्च अखेरीस आमच्याकडे काय धिंगाणा असतो, ते मलाच तिला खरंखरं सांगावं लागलं.