अंदमानची बॅकपॅकिंग टूर : एक बोट रद्द झाली तर तुमचा नफा उरतो का?

व्हिडिओत आपण टूरच्या धंद्याचं कॉस्टिंग पाहिलं. तेच आकडे इथे सविस्तर मांडतो. वही-पेन घेऊन बसा.

माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाने नोकरी सोडून अंदमानची पहिली टूर काढली. १० जण, ५ रात्री, हॉस्टेलमध्ये राहायचं, स्कूबा करायचं. विमान ज्याचं त्याने काढायचं. टूर मस्त झाली, पण घरी येईपर्यंत खिशातून पैसे गेले होते. का? त्याचा हिशोबच बघू. (दर बदलतात. तुमचे दर स्वतः फोन करून घ्या.)

माणशी खर्च
- हॉस्टेल ५ रात्री × १,२०० = ६,०००
- बोटीच्या ३ फेऱ्या × १,५०० = ४,५००
- जेवण = ३,५००
- स्कूबा = ४,०००
- स्थानिक प्रवास = ३,०००
- एकूण = २१,०००

ठरलेला खर्च

त्याचा स्वतःचा प्रवास, राहणं आणि जाहिरात मिळून ४०,०००. माणसं चार येवोत की दहा, हा खर्च होणारच.

त्याने विक्रीचा दर ठेवला २६,०००. म्हणजे माणशी ५,००० सुटतात. ४०,००० भागिले ५,००० = ८. आठ माणसं होईपर्यंत कमाई शून्य! दहा आली, म्हणून १०,००० उरणार होते.

मग बोट रद्द झाली

पोर्ट ब्लेअरहून (आताचं श्री विजयपुरम) हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीपला पर्यटक सहसा बोटीनेच जातात. समुद्र खवळला की बोटी बंद. डिसेंबर २०१६ मध्ये वादळामुळे सुमारे १,४०० पर्यटक बेटांवर अडकले होते, नौदलाला जहाजं पाठवावी लागली. महिना लक्षात घ्या, डिसेंबर! ऐन सीझन.

आपल्या मुलाने शेवटची रात्र हॅवलॉकला ठेवली होती. सकाळची बोट आणि त्याच दुपारी विमान. बोट सुटलीच नाही. त्याच्यासकट ११ जणांची एक जादा रात्र आणि जेवण, माणशी १,९०० प्रमाणे २०,९०० रुपये. नफा १०,०००. म्हणजे १०,९०० चा तोटा. विमानाची नवी तिकिटं कोणी काढायची यावरून भांडण झालं ते वेगळंच. लेखी काहीच नव्हतं ना!

तीन दुरुस्त्या

१. क्रम बदला. उतरल्यावर आधी हॅवलॉक, मग नील (शहीद द्वीप), शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला. सेल्युलर जेल शेवटी दाखवा. आपली मराठी माणसं सावरकरांची कोठडी पाहिल्याशिवाय परतत नाहीत, त्यामुळे तो दिवस रिकामा वाटत नाही. बोट एक दिवस उशिरा सुटली तरी विमान सहसा वाचतं. शिवाय स्कूबानंतर लगेच विमानात बसायचं नसतं, १८ ते २४ तास जाऊ द्यायचे. तेही आपोआप साधतं.

२. दरात जोखीम धरा. दर २८,५०० केला तर माणशी ७,५०० सुटतात. सहा माणसांत खर्च निघतो. दहा आली तर ३५,००० उरतात. वरचा २०,९०० चा फटका बसला तरी १४,१०० हातात राहतात. "महाग झालं तर गिऱ्हाईक येईल का?" असं वाटेल. पण स्वस्तात विकून खिशातून भरायचं, याला धंदा म्हणत नाहीत.

३. लिहून द्या. हवामानामुळे बोट रद्द झाली तर राहण्या-जेवणाचा खर्च कोणाचा, तिकिटाचा कोणाचा, हे पैसे घेण्याआधी मराठीत लिहून सही घ्या.

छोटी पण कामाची गोष्ट

तिथे घड्याळ आपलंच, पण सूर्य लवकर मावळतो. डिसेंबरमध्ये पाचच्या सुमारास! राधानगर बीचवरचा सूर्यास्त जाहिरातीत दाखवलात ना? मग जेवण लवकर उरका आणि चारपर्यंत पोचा. नाहीतर तक्रार ठरलेली.

आणि सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मेच्या मध्यापासून पावसाळा. सहा महिन्यांच्या कमाईवर बारा महिन्यांचं घर चालणार आहे, हे नोकरी सोडण्याआधी मांडा.

गृहपाठ : तुमच्या टूरचा तक्ता करा आणि शेवटी एक ओळ वाढवा, "एक बोट रद्द". त्यानंतरही आकडा शून्याच्या वर असेल तरच जाहिरात टाका. अंदमानऐवजी लक्षद्वीप असो की थायलंडची बेटं, ही ओळ सुटत नाही.

भेटू पुढच्या धड्यात!