ज्याची जास्ती, त्याचीच उणीव

पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीनं ग्रोथ हार्मोन वाढून माझे हातपाय, जबडा वाढले; म्हणजे अ‍ॅक्रोमेगली. मुंबईला केईएममध्ये नाकावाटे ऑपरेशन झालं, उरलेल्या गाठीला रेडिएशन दिलं. काही वर्षांनी थकवा जाईना, पोट सुटलं, हुरूप संपला. तेव्हा तेच हार्मोन कमी निघालं आणि त्याचंच इंजेक्शन सुरू झालं. बीड जिल्ह्यातल्या आमच्या चौसाळ्यात लोक विचारतात, ‘ज्यानं आजार केला तेच टोचून घेता?’ त्यांना आणि माझ्यासारख्या रुग्णांना एवढंच सांगेन:

१. गाठ गेली तरी तपासणी सोडू नका. रेडिएशननं ग्रंथीच्या चांगल्या पेशीही हळूहळू निकामी होतात. उणीव कधी ५, कधी १० वर्षांनी उघडी पडते.

२. खात्रीशिवाय इंजेक्शन नको. हे हार्मोन थांबून थांबून स्रवतं, म्हणून सहज घेतलेल्या रक्तात त्याचा आकडा कमी दिसला तरी उणीव ठरत नाही. इन्सुलिन किंवा ग्लुकागॉन देऊन, डॉक्टरांच्या नजरेखालीच ग्रंथीची ताकद जोखतात. गाठ शांत आहे का, हे एमआरआयवर आधी पाहावं. कॅन्सर असेल तर हे औषध देत नाहीत.

३. आधी कॉर्टिसोल आणि थायरॉइड सावरा. ग्रोथ हार्मोन सुरू झालं की कॉर्टिसोलची झाकलेली कमतरता उघडी पडते. उलट्या होतात, चक्कर येते, बीपी उतरतं.

४. डोस अगदी थोडा. तिशी ते साठीत सुरुवात बहुधा रोज ०.२ ते ०.३ मिलिग्रॅमनं होते. ग्रोथ हार्मोनचं माप दाखवणारं रक्तातलं आयजीएफ-१ वयाच्या मर्यादेत ठेवलं तर इंजेक्शनमुळे पुन्हा त्याची जास्ती होत नाही. बोटांना मुंग्या, पायांवर सूज, सांधेदुखी आली तर डोस जास्त होतोय. आपल्या हृदयानं अ‍ॅक्रोमेगलीत आधीच सोसलेलं असतं. त्याची आणि साखरेची तपासणी ठेवा.

५. औषध २ ते ८ अंशांतच ठेवा. बीडहून आणताना थर्मासमध्ये आणा, पण बर्फ थेट लागू देऊ नका; गोठलं की वाया गेलं. मे महिन्यात वीज गेली तर फ्रीज उघडू नका.

६. गुण आला तरच चालू ठेवा. चरबी घटते, उत्साह येतो. पण सगळ्यांनाच नाही. वर्षभरात फरक नसेल तर डॉक्टरांशी थांबवण्याचं बोला. यासाठी शेत गहाण टाकू नका, ऊसतोडीच्या मुकादमाची उचल घेऊ नका. या इंजेक्शननं जगणं सुधारतं. जीव मात्र कॉर्टिसोलच्या गोळीवर असतो. ती लिहून दिली असेल तर एक दिवसही चुकवू नका, आणि तापात डोस किती वाढवायचा ते डॉक्टरांकडून लिहून घेऊन जवळ ठेवा.